टिल्लूच्या जंगलातली चार मिनिटं

रविवार, १९ एप्रिल

ठरलं एकदाचं! १० मेला दिघाशीच्या समाजमंदिरात मुलांना पिक्चर दाखवायचा. प्रोजेक्टर विपुलचा, बाकी सगळं माझं.

विपुल माझा चुलतभाऊ. पडघ्याला त्याचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे, मी तिथे एडिटिंग करते. एडिटिंग म्हणजे हळद. दिवसभर कुणाची तरी आत्या डीजेवर नाचतेय आणि मी तिच्यावर गुलाबाच्या पाकळ्या सोडतेय. प्रोजेक्टरसुद्धा हळदीसाठीच घेतलेला, नवऱ्यामुलाचे लहानपणीचे फोटो दाखवायला. म्हटलं, कधीतरी त्यावर काहीतरी चांगलं दाखवू. सुट्टीत गावातली आणि वरच्या पाड्यावरची पोरं नुसती एका मोबाईलवर सहा-सहा जण पडलेली असतात.

पिक्चर कुठला, हा प्रश्नच नव्हता. ‘टिल्लूचा उडता पाट’. मराठी कार्टून, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं. मी दुसरीत असताना बाबांनी भिवंडीच्या बाजारातून सीडी आणलेली. टिल्लू जेवायच्या पाटावर बसतो, पाट उडतो, समुद्र, जंगल, बर्फाचा डोंगर, आणि शेवटी घरी येऊन वरणभात. मी आणि विपुल जंगलातलं ‘हुबलू हुबलू’ करत घरभर पळायचो आणि शेजारच्या कुणाला तरी दोरीनं बांधायचो. आई लाटणं घेऊन मागे. काय धमाल!

डायरी मराठीत लिहितेय कारण इंग्लिशमध्ये लिहिलं की मी उगाच शहाणी होते.

मंगळवार, २१ एप्रिल

सीडी सापडली, चालली, आणि माझा मूडच गेला.

जंगलातला भाग. चार मिनिटं. जंगलातली माणसं कोळशासारखी काळी, ओठ एवढे जाड आणि लाल, केसांत हाडकं, कमरेला पानं. टिल्लूला खांबाला बांधतात, मग मोठ्या हंड्यात घालतात, खाली जाळ, आणि भोवती नाच. सरदार जीभ चाटतोय. टिल्लू गोरापान, शेंडीसकट.

मला हे लहानपणी दिसलंच नाही? मी काय बघत होते?

आणि बघायला येणार कोण? निम्मी पोरं वरच्या पाड्यावरची. वारली आदिवासी. ती खाली बसून हे बघणार आणि त्यांच्या बाजूला गावातली पोरं बसून हसणार. नाही. माझ्या शोमध्ये नाही.

बाहेरच्या मोठ्या कंपन्या आता जुन्या कार्टूनच्या आधी पाटी लावतात की यातलं चित्रण तेव्हाही चुकीचं होतं आणि आजही आहे. काही तर सीनच काढून टाकतात. मी त्यावर बरंच वाचलंय. कॉलेजात प्रेझेंटेशनही दिलेलं. आता खरं करायची वेळ आली. पाटीबिटी लहान मुलं वाचत नाहीत. मी सरळ कापणार.

शनिवार, २५ एप्रिल

आज देवकी दुकानात आली होती. देवकी वरच्या पाड्यावरची, हायवेवरच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाते आणि रविवारी पाड्यावरच्या मुलांचा अभ्यास घेते. तिच्याशिवाय पाड्यावरची पोरं खाली येणारच नाहीत, म्हणून मी तिला आधीच सांगून ठेवलेलं.

पिक्चरचं नाव ऐकून ती एकदम खुर्चीत सरळ बसली.

“टिल्लू? पाटावाला? त्यात तो जंगलातला नाचाचा भाग हाय ना?”

मला इतकं वाईट वाटलं. म्हणजे तिला माहीत आहे! किती वर्षं हे मनात घेऊन फिरत असेल. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, “तू त्याचं अजिबात टेन्शन घेऊ नकोस. माझ्यावर सोड.”

“म्हणजे बघ, आमच्याकडं कुणी बघितलेला न्हाय पिक्चर. फक्त ऐकून माहीत. तर मी बोलत होते की तेवढा भाग—”

“देवकी, मी आहे ना.”

ती हसली. मग म्हणाली, “मंग मोठी माणसं पण आणली तर चालतील? कमळाआजी, माझा आजा, असे?”

मुलांच्या पिक्चरला म्हातारी माणसं! मी म्हटलं, कितीही आण. ती जाताना दारातून परत वळून म्हणाली, “पुढची जागा ठेव हां आजाला.”

विपुल म्हणतो, “तू तिला बोलूच देत नाहीस.” याला काय कळतंय. काही गोष्टी बोलायला लावणं हाच त्रास असतो.

सोमवार, २७ एप्रिल

समाजमंदिराची चावी तुळशीराम गुरुजींकडे असते. शाळेतून रिटायर झालेत, पण गावात अजून प्रत्येकाला प्रगतिपुस्तक देतात. मी त्यांना सांगितलं की जंगलाचा भाग काढणार आहे.

“का?”

“ते चुकीचं आहे, गुरुजी. आदिवासी माणसं असं काही करत नाहीत.”

“टिल्लू पाटावर बसून उडतो. ते करतात का माणसं?”

“तसं नाही—”

“आम्ही बघितला हा पिक्चर. ठाण्याला नेऊन शाळेच्या मुलांना दाखवला. काय झालं आम्हाला? आम्ही काय बिघडलो?”

मला म्हणायचं होतं की तुमच्या वर्गात पाड्यावरची किती मुलं दहावीपर्यंत पोचली? पण चावी त्यांच्याकडे आहे. मी म्हटलं, “गुरुजी, एडिट मी करणार. दाखवायचं तर तसंच.”

ते चष्म्यावरून बघत राहिले. मग म्हणाले, “देवकीला विचारलंस का?”

“तिला का विचारायचं? तिनं का हे ओझं घ्यायचं? ज्यांनी चूक केली त्यांनी दुरुस्त करायची.”

“तू केलीस का चूक?”

“आपण सगळ्यांनी.”

“मी काही नाही केलं,” असं म्हणून त्यांनी चावी दिली. जिंकले!

बुधवार, २९ एप्रिल

कापला.

वाटलं त्याहून अवघड गेलं. टिल्लू समुद्रावरून उडतो आणि जंगलात पडतो, जंगलातून सुटून बर्फात जातो. मधलं काढलं की समुद्रातून सरळ बर्फात आदळतो. विपुलनं लग्नाच्या व्हिडिओंसाठीच्या पॅकमधली पाकळ्यांची ट्रान्झिशन, म्हणजे दोन सीनमधला जोड, टाकायला लावली. आता टिल्लू समुद्रावरून गुलाबांच्या पावसात शिरतो आणि बर्फात बाहेर येतो. वेडेपणा आहे, पण गोड दिसतं.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. त्या नाचाला मागे जो आवाज आहे तो भयंकर सुंदर आहे. ढोल नाही, पेटी नाही. लांब, घुमणारा, भुंगा डोक्यात शिरल्यासारखा एकच सूर, आणि त्यावर दुसरा सूर चढतो. विपुल हेडफोन लावून मान हलवत बसला. “हा साउंड उचलू का? हळदीला एंट्रीला जाम चालेल.”

मी म्हटलं, अजिबात नाही. सीन जातोय तर सगळा जातोय. वाईट गोष्टीतलं चांगलं तेवढं वेचून घ्यायचं, हे मला पटत नाही. प्रिन्सिपल म्हणजे प्रिन्सिपल.

बाबांनी लूमवरून मोठं कोरं कापड आणलंय, दोन पट्टे मधे शिवून पडदा होईल. आई शिवतेय आणि विचारतेय की हा पडदा नंतर कशाला वापरायचा. आईला कुठल्याही गोष्टीचं नंतर लागतं.

रविवार, ३ मे

नीट लिहिते.

दुपारी देवकी तिच्या आजाला घेऊन दुकानात आली. जान्या आजा. बारीक, उंच, स्वच्छ सदरा, पायात नव्या स्लिपर. खुर्ची दिली तर खाली बसले. मला वाटलं फोटो काढायचाय. ते माझ्या स्क्रीनकडे बघत म्हणाले,

“पोरी, माझा बाजा ऐकव.”

मला कळेना. देवकी म्हणाली, “अगं, जंगलातल्या नाचाचा. तो तारपा आजानं वाजवलाय. तुला त्या दिवशी सांगत होते ना.”

सांगत नव्हती. म्हणजे सांगणार होती.

मग आजांनी सांगितलं. ते विशीत होते. दिवाळीत नवं भात आल्यावर पाड्यावर नाच चाललेला, तेव्हा वज्रेश्वरीच्या कुंडावर आंघोळीला आलेला मुंबईचा एक संगीतवाला साहेब आवाज ऐकत वर चढून आला. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं गाडी पाठवली. मुंबईला एका खोलीत नेलं, भिंतींना गाद्या लावलेल्या. सांगितलं, पोरांचा पिक्चर हाय, वाजव. चित्र काही दाखवलं नाही.

“आन आमच्यात नवा भात यायच्या आगुदर तारपा वाजवत न्हाय. घरात टांगलेला ऱ्हातो. मी मे महिन्यात वाजवून आलो. बापूस दोन वरसा माझ्याशी बोलला न्हाय.” हसले. वरचे दात नाहीत. “आन पिक्चर काय कोणी बघला न्हाय. तवापासून मला फिलमवाला बोलतात. ‘ओ फिलमवाले, पिक्चर कवा येणार?’ ती कमळी तर मला रोज बोलते. लबाड बोलते.”

“म्हणून तर आणतेय सगळ्यांना,” देवकी म्हणाली. “पोरं पण विचारतात, आजा खरंच पिक्चरमध्ये हाय का.”

मी काय केलं? मी म्हटलं, फाईल रेंडर होतेय, आत्ता उघडणार नाही.

विपुल टेबलाखाली पाय हलवत होता.

मग मला एकदम सुचलं. “आजा, पिक्चर कशाला, तुम्हीच वाजवा ना तिथे. लाइव्ह! सगळ्यांसमोर!”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी उघड्यावर सांडलंय.

“मे हाय पोरी. एकदा वाजवला, पुरे. आन आता दम पण पुरत न्हाय.”

सोमवार, ४ मे

मूळ फाईल आहे. डिलीट केली नव्हती. देवाची कृपा.

पण म्हणून काय? सीन परत लावायचा? आजांचं आयुष्यभर वाट बघणं आणि मग पडद्यावर ते हाडकंवाले? त्यांच्या नातवंडांच्या समोर, त्यांच्याच सुरावर? आणि नाही लावायचा तर ते परत लबाड.

मी विचार केला की काहीच सांगू नये. प्रोजेक्टर मधेच बंद पडला असं करावं. विपुल लगेच तयार. “वायर खेचतो मी. हळदीत शंभर वेळा झालंय.”

नाही. उद्या देवकीला सगळं सांगणार.

मंगळवार, ५ मे

गोडाऊनच्या गेटवर गेले, तिच्या जेवणाच्या सुट्टीत. समोर चहाची टपरी, ट्रकवाले, ऊन. तिच्या गळ्यात अजून आयकार्ड होतं. मी एका दमात सगळं सांगितलं, कापल्याचंही.

तिनं आयकार्डची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, “मला वाटलं तुला तो भाग आवडतो. म्हणून तू टेन्शन नको घेऊ बोललीस.”

“मी तुमच्यासाठीच—”

“कुणी सांगितला आमच्यासाठी कर?” आवाज चढला तसे दोन ट्रकवाले वळले. “दाखव मला. हाय ना मोबाईलमध्ये?”

मी म्हटलं, तुला त्रास होईल. तिनं माझ्या हातातून मोबाईल घेतला.

तिनं पूर्ण बघितला. मग परत लावला. चहा तसाच. दुसऱ्यांदा बघताना तिनं स्क्रीनवर हात ठेवला आणि नुसतं ऐकलं.

“शाळेत पोरं माझ्या मागं हेच करायची,” ती म्हणाली. “हुबलू हुबलू. पाचवीपासून. मला वाटायचं ती आमची बोली ऐकून काहीतरी बनवतात. हे यातनं आलेलं होय.”

कोण असली पोरं! कुठल्या घरातली असतील! संतापच आला मला.

“आजाला दाखवायचा,” ती म्हणाली. “तू ठरवू नको. मी पण ठरवणार न्हाय.”

“त्यांना किती वाईट वाटेल, देवकी.”

“वाटू दे. त्याचा हाय ना बाजा?” आयकार्ड नीट करून ती उठली. जाताना म्हणाली, “चहाचे तू दे. तुझी शिक्षा.”

तेवढ्यावर मला बरं वाटलं. रागावली आहे, पण बोलतेय.

गुरुवार, ७ मे

लॅपटॉप घेऊन पाड्यावर गेले. चढताना चप्पल तुटली, ती हातात.

आजा ओटीवर बसले होते. वर तारपा टांगलेला होता, सुक्या दुधीचा, लांब, फुंकायचा, काळा पडलेला, शेणाच्या भिंतीच्या पुढे माणसासारखा. देवकीनं आजांना वारली बोलीत सगळं सांगितलं, मला निम्मं कळलं. मग ती म्हणाली, “आधी आवाज लाव. चित्र झाक.”

मी ओढणी टाकली स्क्रीनवर. तारपा सुरू झाला.

आजांची बोटं मांडीवर हलायला लागली. एका जागी त्यांनी तोंड वाकडं केलं आणि ‘च्च’ केलं. मग परत बोटं. गालसुद्धा थोडे फुगत होते.

संपल्यावर म्हणाले, “आता चित्र.”

देवकीनं ओढणी काढली. मी आजांच्या तोंडाकडे बघणार नाही असं ठरवलेलं, पण बघितलंच. काहीच दिसलं नाही तिथे. ते माणूस पाऊस येतोय का बघतो तसे बघत होते.

“हे माझ्या बाजावर नाचतात?”

“हो.”

“आन भांड्यात पोरगा हाय?”

“हो, आजा.”

“मंग खाल्ला का?”

“नाही. पाट येतो आणि तो उडून जातो.”

“बरा झाला.” स्क्रीनला बोट लावलं. “तारप्याला पाठ दाखवून नाचतात बघ. आमच्यात कोणी पाठ दाखवत न्हाय. कोण माणसा हायत ही?”

देवकी म्हणाली, “आजा, ही आपण हाव. त्यांना आपण अशी वाटतो.”

कोंबडी ओटीवर चढली, तिला त्यांनी पायानं सारलं. मी पटापटा सांगून टाकलं की माझ्याकडे तीन उपाय आहेत: एक, अंधार आणि फक्त आवाज, दोन, सगळं धूसर, तीन, आधी पाटी. मी तिन्ही व्हर्जन बनवून आणली होती.

“अंधारात कोण बघल, मी वाजवला का कोणी वाजवला?” आजा म्हणाले. “आख्खा लाव.”

“आजा, न्हाय!” देवकी ओरडली.

“तू गप. मला लबाड बोलले ते तुला न्हाय बोलले.” मग माझ्याकडे वळून, “लाव तू. मी बघतो काय करायचा ता.”

उतरताना देवकी माझ्यासोबत खालच्या आंब्यापर्यंत आली. आम्ही दोघींनी ठरवलं: मी आख्खा लावेन, पण बोट कीबोर्डवर ठेवेन. पोरं हसायला लागली की बटण दाबून पडदा काळा करायचा, आवाज चालू ठेवायचा. आजांना सांगायचं, प्रोजेक्टरचा दिवा गेला.

शनिवार, ९ मे

पाटी तयार केली. दहा वेळा लिहिली. इंग्लिशमधली कॉपी करून मराठी केली तर सरकारी नोटीस वाटायला लागली. शेवटी एवढंच ठेवलं: “यातल्या जंगलातल्या माणसांचं चित्र खोटं आहे. त्यांचा बाजा खरा आहे. वाजवणारे: जान्या आजा, वरचा पाडा, दिघाशी.”

आई म्हणाली, “हे बरं लिहिलंस.” आईनं कधी कशाला बरं म्हटलंय!

पाकळ्या काढून टाकल्या. विपुल हळहळला.

रविवार, १० मे

दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना आम्ही ताडपत्र्या बांधल्या. आतमध्ये भट्टी. तरी हॉल फुल. पुढे पोरं, डावीकडे गावातली, उजवीकडे पाड्यावरची, कुणी न सांगता. मागे मोठी माणसं. पहिल्या रांगेत एकच खुर्ची, त्यावर जान्या आजा, डोक्याला तेल, तोच स्वच्छ सदरा. त्यांच्या मागे कमळाआजी मोठ्यानं म्हणत होती, “बघू आता फिलमवाल्याला. न्हाय दिसला तर घरी चालत जाल, टेम्पोत घेणार न्हाय.”

गुरुजींनी पाटी मोठ्यानं वाचून दाखवली, शाळेतल्यासारखी, आणि वाचून झाल्यावर एकदा माझ्याकडे बघितलं.

पाट उडाला तशी पोरं किंचाळली. समुद्रावर टाळ्या. मग जंगल. माझं बोट बटणावर. देवकी माझ्या बाजूला भिंतीला टेकून उभी, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

पहिली हाडकंवाली मुंडी झुडपातून वर आली आणि डाव्या बाजूनं कुणीतरी हसलं. मग चार-पाच जण. एकानं सुरू केलं, हुबलू हुबलू. पाड्यावरची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. देवकी माझ्या कानात म्हणाली, “दाब.”

तेवढ्यात तारपा सुरू झाला, आणि आजा उठले.

उठून सरळ प्रोजेक्टरच्या समोर, उजेडात. पाठ पोरांकडे नाही, पडद्याकडे केली. त्यांची सावली पडद्यावर पडली, छतापर्यंत. हंडा गेला, सरदार गेला, टिल्लूही गेला. नुसता एक उंच काळा माणूस.

“दाब ना!” देवकी म्हणाली.

मी दाबलं असतं तर उजेडच गेला असता. सावलीसकट. मी बोट काढलं आणि हात पाठीमागे घेतले.

“ए, कोण आहे ते?” मागून गुरुजींचा आवाज. “खाली बसा हो, मुलांना दिसत नाही!”

“मी वाजवतो हाय!” आजा उजेडात डोळे बारीक करून म्हणाले. “बसून कसा वाजवू?”

आणि त्यांनी दोन्ही हात वर केले, तारपा धरल्यासारखे. हातात काही नव्हतं. पण सावलीच्या गालातून लांब तारपा खाली उतरतोय असंच वाटत होतं, बोटं बरोबर सुरावर पडत होती. ते हळूहळू डुलायला लागले. ती हाडकंवाली माणसं त्यांच्या एका अंगानं सावलीत शिरायची आणि दुसऱ्या अंगानं बाहेर यायची, गोल गोल. आता ती कुणाला खायला नाचत नव्हती. त्यांच्याभोवती नाचत होती.

हुबलूवाला गप्प झाला होता.

मग एका जागी आजांनी तोंड वाकडं केलं, त्या दिवशी केलं तसंच, आणि मागून कमळाआजीचा आवाज आला. “त्योच हाय! इथं चुकतो त्यो. अजून चुकतो मेला! त्याचाच हाय बाजा!”

पाड्यावरच्या सगळ्या बाया हसायला लागल्या. आजा हात खाली न घेता ओरडले, “आता टेम्पोत घेशील का?”

“पुढं बसवते!”

त्यानंतर काय झालं मला नीट आठवत नाही. पाड्यावरची दोन-तीन पोरं उठून आजांच्या समोर गेली, एकमेकांच्या कमरेत हात घालून, पायांचा ठेका धरून. त्यांच्या सावल्या आजांच्या गुडघ्यापर्यंत आल्या. तारप्याला कुणी पाठ दाखवली नाही. गावातली पोरं बसून बघत होती. एक मुलगी उठली, तिला तिच्या आईनं खाली ओढलं, ती परत उठली. एवढंच. बर्फाचा डोंगर आला, आजा जाऊन खुर्चीत बसले आणि टिल्लूचा वरणभात होईपर्यंत हलले नाहीत.

देवकी रडत होती का घाम होता ते मी विचारलं नाही. तिनंच मला कोपर मारलं. “तुझा बोट बरा थांबला.”

मंगळवार, १२ मे

गुरुजी सकाळी दुकानात आले. वज्रेश्वरीच्या शाळेत त्यांचे मित्र आहेत, त्यांना हा पिक्चर पाहिजे. “पाटीसकट,” असं म्हणाले, आणि पुढे म्हणाले, “ती पाटी मी वाचेन.” म्हणजे त्यांनी मला पास केलं.

मग मी कामाला लागले. प्रवासाला सोपं पडावं म्हणून नवीन व्हर्जन बनवायचं: जंगलाच्या जागी काळा पडदा, तारप्याचा आवाज आणि आजांचा एक छान फोटो. सगळीकडे पाठवता येईल. स्वच्छ काम. देवकीला मेसेज केला की पिक्चर वज्रेश्वरीला जातोय, फोटोसाठी आजांना खाली घेऊन ये.

दुपारी आजा एकटेच आले. सदरा तोच, धुऊन वाळवलेला. हातात पिशवी. खुर्ची दिली, आज खुर्चीतच बसले.

“वज्रेश्वरीला कवा जायाचा?”

मी म्हटलं, “आजा, तुम्हाला त्रास नको. मी एक फोटो काढते, तो लावू पडद्यावर.”

त्यांना ते कळलंच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग विपुलकडे, मग प्रोजेक्टरकडे.

“फोटो कसा वाजवल?” ते म्हणाले. “आन ती माणसा येतील ना चित्रात. त्यांच्या मधी कोण उभा ऱ्हाईल?”

पिशवीत बघितलं तर टॉवेल, औषध आणि बदलायचा एक सदरा होता.

नवीन व्हर्जन अर्धं झालं होतं. मी ते बंद केलं. सेव्ह करू का असं कॉम्प्युटरनं विचारलं, मी नाही म्हटलं.

विपुलला सांगितलंय, त्याच्या ईको गाडीत पुढची सीट आजांची. प्रोजेक्टर मी मांडीवर घेईन.